उपाशी ठेवायचं पीक

इंदिरानगर, नाशिक
१७ जून २०२४

चि. ज्ञानेश यास,

आशीर्वाद. तू ते घेणार नाहीस, पण मोठ्या बहिणीला ते द्यावेच लागतात आणि टपालखात्याने त्याचे वेगळे पैसे लावलेले नाहीत.

फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस. आईच्या फोनवरून बोलावं तर तू मागून ओरडतोस, "राँग नंबर शे, ठेव!" म्हणून हे स्पीड पोस्ट. पाकीट हातात देण्याआधी पोस्टमन तुझी सही घेईल. दोन वर्षांपूर्वी सटाण्याच्या निबंधक कचेरीत तू माझ्या सहीसाठी ताटकळला होतास. या घराण्यात कुणीतरी सही करायला हवीच होती. ती शेवटी तू केलीस, याचा मला आनंद आहे.

तो दिवस तुझ्या बाजूने मला पाठ आहे. "ताईने भर कचेरीत नाक कापलं." माझ्या बाजूने एकदा ऐक. हक्कसोडपत्र तयार होतं. तू दिलेली मोरपंखी साडी मी नेसले होते. आपल्याकडे बहिणीला साडी मिळते आणि भावाला सही, हा व्यवहार इतका जुना आहे की त्याला प्रेम म्हणतात. मी पेन उघडलं. कारकुनाने बोट ठेवलं तिथे लिहिलं होतं, 'माझा या जमिनीशी कोणताही संबंध राहणार नाही.' ज्ञाना, ज्या जमिनीत मी अकरा वर्षं निंदणी केली तिच्याशी संबंध नाही, हे माझ्या हातून लिहून होईना. मी पेन बंद केलं. एवढंच घडलं. नाक कुणाचंही कापलं नाही, मी त्याच्या फार जवळही नव्हते.

मग तू रागाने म्हणालास, "घे तुझा हिस्सा!" आणि डोंगराच्या पायथ्याचं दोन एकर बरड दाखवलंस. मुरूम, दगड, विहीर नाही. वर, माझं नाव सातबाऱ्यावर लागू नये म्हणून तलाठ्याकडे हरकतही दिलीस. म्हणजे शेत दिलं आणि नाव दिलं नाही. चोवीस वर्षं मी विमा कंपनीत लोकांच्या मरणाचे दावे निकाली काढले, पण इतकी हुशार पॉलिसी पाहिली नाही.

आता मुद्दा. मी खूप थकले आहे. हे तुला सांगायचं नव्हतं. सकाळी उठतानाच संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं. कचेरीत जिना चढून गेलं की पहिला अर्धा तास फक्त खुर्चीशी ओळख करून घेण्यात जातो. गेल्या महिन्यात गंगापूर रोडवरच्या एका 'वेलनेस' दुकानात गेले. तिथल्या सल्लागार बाईने प्लास्टिकची दोन मूत्रपिंडं काढली. त्यांच्या डोक्यावर गांधीटोप्या घातल्यासारख्या दोन ग्रंथी. "मॅडम, या तुमच्या ॲड्रिनल. किती स्ट्रेस घेतलात तुम्ही आयुष्यभर! दमल्यात हो बिचाऱ्या."

मी तिथेच रडले. यजमान गेल्यापासून माझ्या कुठल्याही भागाला कुणी 'बिचारी' म्हटलं नव्हतं. रडणाऱ्या बाईला दोन बाटल्या विकणं सोपं असतं. तिने तीन विकल्या.

मग डॉक्टर शुभांगी पगारकडे गेले. तुझ्या वर्गातली, तुला गणितात मागे टाकणारी. ती बाटली बघून हसली. "सुवर्णाताई, ॲड्रिनल दमण्याचा आजार आमच्या पुस्तकात नाही. त्या खरंच बंद पडल्या असत्या तर तू इथे बसून माझ्याशी वाद घालत नसतीस." तरी रक्त तपासलं. ॲड्रिनल ठणठणीत. थायरॉइड मंद, रक्त कमी. गोळ्या सुरू झाल्या. आणि ताकीद मिळाली, थायरॉइडच्या गोळीबरोबर हे चूर्ण, अर्क, काहीही तिला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही.

तर बाटल्या फ्रिजवर बसून आहेत. काल सहज लेबल वाचलं. 'अश्वगंधा मूळ, शंभर टक्के शुद्ध.' खाली झाडाचं चित्र. मी ते चित्र उजेडात धरलं, चष्मा लावून पुन्हा पाहिलं. अरे, ही तर ढोरगुंज! आपल्या बरडावर उगवायची, शेळीसुद्धा हुंगून पुढे जायची, आणि आण्णा उपटून बांधावर फेकायचे, ती!

मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला आहे. पावसाळा धरला की तुझ्या रागाच्या त्या दोन एकरांत मी अश्वगंधा पेरणार आहे. परवानगी मागत नाही. कळवते.

तुझी,
ताई


नामपूर शिवार
२१ ऑक्टोबर २०२४

चि. ज्ञानेश,

तू उत्तर देत नाहीस, पण पाकिटं घेतोस. सही सुधारत चालली आहे, असं पोस्टमन म्हणाला.

पीक बघितलंस? रस्त्याने जाताना तू मान वळवत नाहीस असं शेजारच्या मळ्यातल्या कुसामावशी सांगतात, पण मोटरसायकल हळू करतोस असंही त्याच सांगतात. कमरेएवढं आलं आहे! पानं तळहाताएवढी. मी काही कमी केलं नाही. कुसामावशींच्या विहिरीवरून पाइप घेतला, ठिबक टाकलं, युरियाचे दोन हात दिले. कांदेवाल्याची पोर आहे मी. पिकाने मान टाकण्याआधी त्याच्या तोंडाशी पाणी असलं पाहिजे, हे आण्णांनी शिकवलं. बाजूच्या शिवारातले लोक मुद्दाम बघायला येतात.

थकवा? गोळीने थोडा, चालण्याने थोडा कमी आहे. गावात घेतलेल्या खोलीचं भाडं, भाजी, सगळं मी एकटी बघते आणि दुपारी झोपत नाही. हे तुला कळावं म्हणून नाही, आईला कळावं म्हणून लिहिते. तिला वाचून दाखव.

ताई


नामपूर शिवार
११ फेब्रुवारी २०२५

ज्ञानेश,

मागच्या पत्रातलं एकच वाक्य खरं होतं. पीक कमरेएवढं आलं.

गेल्या आठवड्यात उपटलं. खाली मुळी नाही. म्हणजे आहे, दोऱ्यासारखी. आईच्या वातीच्या डब्यात ठेवली तर वेगळी ओळखू येणार नाही. नाशिकहून वनौषधी खरेदी करणारे रावजीशेठ आले होते. त्यांनी एक मुळी बोटांत धरली, वाकवली. ती वाकली. रबरासारखी. "बाई, मूळ कट् करून तुटलं पाहिजे, आत पिठासारखं पांढरं. हे काय, गवताची काडी? पाला चांगला आहे, पण पाला आम्हाला मुळात मिसळायचा नाही, बाकीचे मिसळतात त्यांना द्या." आणि चहा न घेता गेले.

चहा न घेता, ज्ञाना. आपल्या शिवारातून माणूस चहा न घेता गेला.

गावात आता माझं नाव 'पालेभाजीवाली ताई' आहे. तू हसला नाहीस असं आई म्हणते. मी म्हटलं, तो हसला असता तर बरं होतं.

तुझं पोस्टकार्ड मिळालं. अडीच वर्षांत पहिलं. सतरा शब्द, मी मोजले. "पुढच्या वर्षीच्या होळीपर्यंत विकण्याजोगी मुळी निघाली तर हरकत मागे घेतो. नाही निघाली तर सटाण्याला येऊन सही करायची."

कायद्याने मला हे मान्य करायची गरज नाही, हे तुलाही माहीत आहे. कोर्टात गेले तर कागद मिळेल. पण तिथे मिळालेल्या शेताशेजारी मी आणि तू वीस वर्षं एकमेकांकडे पाठ करून नांगरत बसू. त्यापेक्षा ही पैज बरी. मान्य.

सुवर्णा


नामपूर शिवार
२ नोव्हेंबर २०२५

चि. ज्ञानेश यास आशीर्वाद,

या वर्षीचं पीक तुला दिसतच असेल. दिसण्यासारखं फारसं नाही, म्हणून लिहिते.

केरूबाबा आठवतात? आण्णांच्या वेळी शेळ्या राखायचे, आता शेळ्या नाहीत, नुसतेच राखतात. पेरणीच्या आधी ते बरडावर आले, काठीने मुरूम उकरला आणि म्हणाले, "ताई, याले पानी नको पाजू. उपाशी ऱ्हायनं तरच मूय धरस." मी विचारलं, "बाबा, मरणार नाही?" ते म्हणाले, "मरस नही, माजस नही. खाले जास." वर लाड केले की झाड वर माजतं. उपाशी ठेवलं की पाणी शोधत खाली उतरतं आणि खाली साठवून ठेवतं. मूळ म्हणजे त्याने केलेली काळजी.

मी हसत सुटले. गंगापूर रोडवरची ती बाई ताण घालवायला ज्याच्या बाटल्या विकते, त्या झाडाला स्वतःला ताण दिल्याशिवाय त्यात काही येत नाही! आणि मी गेल्या वर्षी त्याला ठिबकवर, युरियावर, जावयासारखं ठेवलं होतं. ही चूक दुसऱ्या कुठल्या तालुक्यातल्या माणसाने केली नसती. कांदेवालाच करणार.

तर या वर्षी पाइप काढून टाकला. सप्टेंबरच्या पावसानंतर एक थेंब नाही. झाडं गुडघ्याखाली आहेत, पानं मळकी, दुपारी मान टाकतात. ज्ञाना, हे बघवत नाही रे. दुपारी दोन वाजता मी पाठ फिरवून बसते. हात शिवशिवतात. चोवीस वर्षं कचेरीत बसून जेवढा ताण आला नाही तेवढा काही न करता बसण्यात येतो.

आणि एक विनंती. आईला आवर. मंगळवारी मी बघितलं तर ती चौऱ्याहत्तर वर्षांची बाई कंबरेवर कळशी घेऊन ओळीतून वाकून चालली होती. रोपाला एक एक ओंजळ. मी ओरडले. तर म्हणते, "पोर येडी शे, पन झाडंस्नी काय बिघाडं?"

कळशी तुझ्या घरातली होती.

ताई


नामपूर शिवार
९ जानेवारी २०२६

ज्ञानेश,

आज सकाळी तुझ्या बांधालगतची पट्टी ओली आढळली. पाऊण एकर. चिखल. माझी चप्पल रुतली.

आईच्या कळशीने पाऊण एकर भिजत नाही. तुझ्या विहिरीवरचा पाइप बांधापर्यंत आलेला आहे आणि त्याचं तोंड माझ्याकडे आहे. केरूबाबांनी सांगितलं की चार दिवस हेच चालू आहे, लाइट आली की मोटर सुरू, तुझा माणूस सहादू नळी सोडून निघून जातो. मी चार दिवस नाशिकला शुभांगीकडे तपासणीला गेले होते, ते तू पाहिलंस.

ऐन पोसवण्याच्या वेळी! एक महिना राहिला होता. तुला माहीत होतं की पाणी हेच याचं मरण आहे. मी स्वतः तुला लिहून कळवलं. तुझ्याच सहीने घेतलेल्या पत्रात!

पैज जिंकायची तर अशी? तू कांद्याच्या लिलावात कधी एका गोणीत खाली खराब माल घातला नाहीस. व्यापारी तुझं नाव ऐकून गोणी न फोडता बोली लावतात. मग बहिणीशीच का?

होळीला सटाण्याला येईन. सही करीन. तुझी साडी नको.

सुवर्णा फकिरा अहिरे


नामपूर शिवार
१२ जानेवारी २०२६

ज्ञाना,

मागचं पत्र मिळालं असेल तर ते पोस्टमनला परत कर. फाडू नकोस, जाळू नकोस, परत कर. मला ते जपून ठेवायचं आहे, माझ्या मूर्खपणाचा दाखला म्हणून. दाखला लागतोच कुठे ना कुठे.

आई काल आली. ओट्यावर बसली, पाणी प्याली, आणि तू माझी पत्रं वाचत नाहीस हे तिने सांगितलं. सही करून घेतोस, कपाटात ठेवतोस. एकही फोडलेलं नाही. ती फोडायला सांगायची तेव्हा तू "मंग फोडू" म्हणून तिला टाळायचास. म्हणजे दीड वर्षं मी एका कपाटाशी भांडत होते.

मग तिने बाकीचं सांगितलं. कुसामावशींच्या ओट्यावर तू तिला म्हणालास, "आई, ताई तापट शे. पैजेपायी पीक मारी टाकी. पानी नही मागणार ती." तुला वाटलं मी तुझ्यापुढे पाइप मागायला नको म्हणून पीक वाळवते आहे. आणि मी नाशिकला गेले तसं तू तुझ्या कांद्याची पाळी चुकवून मोटर माझ्याकडे वळवलीस. चार दिवस. तुझ्या रांगड्या हंगामातल्या कांद्याची पात पिवळी पडली, ती मी काल बांधावरून पाहिली.

आपण पैज हरावी म्हणून पाणी पाजत होतास तू.

हे लिहिताना मला काय होतं आहे ते मी लिहिणार नाही. कांदा कापत नाहीये, एवढं सांगते.

माझी चूक एवढीच की गेल्या वर्षी मीही हेच केलं होतं, आणि तुझ्याकडून तेच होईल हे मला कळायला हवं होतं. आण्णांनी आपल्या दोघांना एकच शिकवलं. तहानलेलं पीक समोर असेल तर आपण दोघेही मूर्ख होतो.

पण आता हे पत्र फोड. वर लाल पेनाने लिहिलं आहे, 'कृपया फोडणे'. आणि नळी उचल! उरलेलं सव्वा एकर कोरडं आहे. त्यात काय भरलं आहे ते मला अजून माहीत नाही, उपटल्याशिवाय कळत नाही. पैज तशीच आहे. दया नको.

ताई


नामपूर शिवार
२७ फेब्रुवारी २०२६

चि. ज्ञानेश यास, पुष्कळ पुष्कळ आशीर्वाद,

काल तू शेतात होतास, सगळं पाहिलंस, तरी मी लिहिते आहे. कारण एक गोष्ट मी ऐकली नाही असं तुला वाटतं.

आधी तुझ्या पट्टीचं. ती महिन्याच्या सुरुवातीला उपटली तेव्हा मुळं काळपट, मऊ, काही कुजलेली. तू मान खाली घालून उभा होतास. केरूबाबांनी तुझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "भाऊ, तुन्हा हात लय मायेना शे, कांदाज लाव!" तेव्हा मी हसले नाही. आता हसते आहे.

मग कोरड्या भागाकडे वळलो. पहिलं झाड मी उपटलं. निघेना. दोन्ही हातांनी ओढलं तर मीच मागे बसले, आणि माझ्याबरोबर ते बाहेर आलं. हातभर मूळ, अंगठ्याएवढं जाड, मातकट. आणि तो वास! घोड्याच्या तबेल्यात तोंड घातल्यासारखा. एवढ्या दुर्गंधीने माणसाला आनंद होऊ शकतो हे मला पन्नासाव्या वर्षी कळलं. केरूबाबांनी नाक न धरता जोरात श्वास घेतला आणि काठी वर केली, जणू मिरवणूकच निघाली आहे.

तीन आठवडे कापलं, वाळवलं, जाडीप्रमाणे ढीग लावले. आणि काल रावजीशेठ आले. मागच्या वर्षीसारखेच घाईत, मोटारीचं इंजिनही बंद न करता. बरोबर कंपनीचा माणूस, हातात यादी. खळ्यावर गावातली पंधरा माणसं जमलेली. पालेभाजीवाली ताई पुन्हा पडते का, ते बघायला. मी मुद्दाम लांब, लिंबाखाली बायकांत उभी राहिले. सावलीसाठी नव्हे. थकव्याने नाही, थकवा तसा गेल्या कित्येक महिन्यांत भेटलेला नाही.

रावजीशेठनी ढिगातून एक मूळ उचललं. वाकवलं.

कट्.

ते मला लिंबाखाली ऐकू आलं. आत पांढरं, पिठासारखं. त्यांनी दुसरं तोडलं. कट्. तिसरं कंपनीच्या माणसाने तोडलं, चाखलं, तोंड वाकडं केलं आणि रावजीशेठकडे बघून मान हलवली. त्यांनी मोटारीकडे वळून हाक दिली, "अरे, इंजिन बंद कर!"

मग ते पंधरा पुरुषांकडे बघून म्हणाले, "असा माल मी या तालुक्यात पाहिला नाही. मालक कोण?"

सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. साहजिक आहे. सातबाऱ्यावर तू, बांधावर तू, मिशी तुला. तू नुसतं मान हलवली असतीस तरी चाललं असतं, कुणी विचारलंही नसतं. मी लिंबाखालून बघत होते आणि माझ्या मनात, खोटं कशाला सांगू, तेच होतं.

तू म्हणालास, "मालक नही, मालकीण शे. ती तठे उभी. तिले इचारा."

आणि बाजूला झालास. वाट करून दिलीस. मग रावजीशेठ, ज्यांनी मागच्या वर्षी चहा घेतला नव्हता, ते ढेकळांतून बूट सांभाळत, धोतर नसूनही धोतर उचलल्यासारखे, माझ्यापर्यंत चालत आले. मी एक पाऊल पुढे गेले नाही. चालू दिलं त्यांना! आयुष्यात मी हजार टेबलांपुढे उभी राहिले आहे, ज्ञाना, पण माझ्याकडे कुणी चालत आलं नव्हतं. त्यांनी हात जोडले आणि भाव सांगितला. मी म्हटलं, "विचार करते." कुसामावशींनी पदराने तोंड दाबलं. दोन मिनिटं मी विचार करत नव्हते, नुसती उभी होते. मग त्यांनी स्वतःच भाव वाढवला.

होळीला अजून चार दिवस आहेत. आज सकाळी तलाठ्याचा फोन आला. हरकत तू काल संध्याकाळीच मागे घेतलीस, सही करून. मला न सांगता. तुझी सही आता फार छान झाली आहे, म्हणे.

शुभांगीने काल फोनवर विचारलं, "काय मग, आता तरी तुझ्या अश्वगंधेचं चूर्ण घेऊ का विचारशील?" मी म्हटलं, नको बाई. खाणाऱ्यांनी खावं, डॉक्टरला विचारून खावं. मला पिकवणंच मानवलं आहे.

आईकडून निरोप मिळाला की तुझ्या वरच्या माळावर पुढच्या पावसाळ्यात हेच लावायचं म्हणतोस आणि बी हवं आहे. बी आहे. पिकलेली लाल फळं मी स्वतः निवडून, चोळून, सावलीत वाळवून ठेवली आहेत. तुझ्या माळाला पुरेल एवढं, वर मूठभर जास्त. पण निरोपावर मिळणार नाही. आईला मध्ये घालू नकोस, सहादूला पाठवू नकोस. तुझ्या तोंडाने "ताई, बी दे" असं म्हण. मी एकदाच ऐकून घेणार आहे, लगेच देणार आहे.

रविवारी ये. रस्त्याने फिरून येऊ नकोस, सरळ बांध ओलांडून ये. बांध मी काढणार नाही. तो जिथे आहे तिथेच राहील, तुझ्या बाजूला तुझा आणि माझ्या बाजूला माझा. ओलांडायला तो कमरेएवढाच आहे.

तुझी,
ताई